वाटीभर गहू आणि जेम्सटाउन

बीडच्या शाळेत मी नऊ वर्षं इतिहास शिकवला. 'इंग्रज व्यापारी म्हणून आले आणि राज्यकर्ते झाले' हे वाक्य झोपेतही म्हणेन. अमेरिकेत, व्हर्जिनियात आल्यावर दीड वर्ष कागदपत्रांत गेलं: इथल्या पदव्यांशी आपल्या बी.एड.ची बरोबरी लावणं, परीक्षा, परवाना. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, तेव्हा इथे शिकवायला येणार असाल तर टेक्सासच्या मावसबहिणीचं ऐकून अर्ज भरू नका. दरम्यान रजेवरच्या शिक्षकांच्या जागी, बदली शिक्षक म्हणून जात राहा. पोरं कशी बोलतात, कशावर हसतात, ते तिथेच कळतं.

मग सहावीला जेम्सटाउन आलं. उत्तर अमेरिकेतली इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत, १६०७.

पहिल्या वर्षी मी घोळच घातला. अंगात आपल्या गॅदरिंगची सवय. अर्धा वर्ग इंग्रज, अर्धा पॉवहटन म्हणजे इथले मूळनिवासी, डोक्याला कागदी पिसं. दुसऱ्या दिवशी एका पालकांची चिठ्ठी आली: आमचे लोक अजून इथेच राहतात, ते नाटकातलं सोंग नाहीत. खरंच आहे, त्यांच्यातल्या पामंकी आणि मॅटापोनाय जमातींच्या राखीव जमिनी आजही याच राज्यात आहेत. मी माफी मागितली. नव्याने येणाऱ्यांना एवढंच सांगेन, वेशभूषा नको. आणि पोकाहॉन्टसपासून, म्हणजे पॉवहटन प्रमुखाच्या मुलीपासून, सुरुवातही नको. तिने वसाहतीतल्या जॉन स्मिथचा जीव वाचवला ही गोष्ट स्मिथनेच, तीही बऱ्याच वर्षांनी रंगवून सांगितलेली आहे.

आता मी घरून गव्हाचा डबा नेते.

स्मिथने लिहून ठेवलंय की माणशी रोज अर्धा पाइंट गहू आणि तेवढंच सातू, पाण्यात उकडून. जहाजाच्या तळात सव्वीस आठवडे पडून त्यात दाण्यांइतक्याच अळ्या झाल्या होत्या. अर्धा पाइंट म्हणजे साधारण एक मोठी वाटी. ती टेबलावर ओतते आणि विचारते, यावर दिवसभर तटबंदीसाठी झाडं तोडाल का? कुणीतरी दाणे मोजायला लागतो. एकदा माझ्याच डब्यात दोन टोके निघाले. लाज वाटली, पण तो तास सगळ्यांत रंगला.

पुढचा प्रश्न पोरं हमखास विचारतात: पॉवहटन लोकांकडे मका होता, मग त्यांनी दिला का नाही? इथे माझा बीडचा जन्म उपयोगी पडतो. जुन्या सायप्रस झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजून संशोधकांनी दाखवलंय की १६०६ ते १६१२ ही ७७० वर्षांतली सर्वांत कोरडी सात वर्षं होती. घरात पोरंबाळं असताना दुष्काळात कणगीतलं कुणाला किती द्यायचं, हे आमच्या आजीने ७२ साली बघितलंय. मग बंदुका दाखवून धान्य उचलणारे पाहुणे, त्यातून लढाई, वेढा आणि १६०९-१० चा हिवाळा. वसाहतीतल्या सुमारे तीनशेंतले साठ-एक उरले. माणसं माणसांना खाण्यापर्यंत गेली. हा भाग कितपत सांगायचा ते वर्ग बघून ठरवा. मी एका वाक्यात उरकते.

मग इंग्रज आलेच कशाला? तर ही वसाहत व्हर्जिनिया कंपनीची, आणि तिच्या भागधारकांना नफा हवा होता. मी फळ्यावर एक नाव लिहिते: सर थॉमस स्माइथ. १६०० साली ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर, १६०९ पासून व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार. १६०८ मध्ये, जेम्सटाउनला माणसं तापाने मरत असताना, ईस्ट इंडिया कंपनीच्या हॉकिन्सचं जहाज सुरतेला लागलं होतं. वर्गातली देशी पोरं इथे एकदम ताठ बसतात. सोनं सापडलं नाही. वसाहत तगली ती जॉन रॉल्फ या वसाहतकऱ्याच्या तंबाखूवर, आणि तंबाखूला लागली जमीन आणि हात.

१६१९ मी शेवटी घेते. जुलैअखेर प्रतिनिधींची पहिली सभा भरली, त्यावर पुस्तकं पानंच्या पानं देतात. ऑगस्टअखेर व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर, पॉइंट कम्फर्टला एक जहाज लागलं. गुलामगिरीचा अभिनय कुठल्याही वर्गात, कुठल्याही हेतूने करून घेऊ नका. नुसतं रॉल्फचं पत्र मोठ्याने वाचायला द्या. वीस-एक आफ्रिकन माणसं आणली आणि ती अन्नसामग्रीच्या बदल्यात विकत घेतली, असं तो लिहितो. गव्हाची वाटी तोवर टेबलावरच असते. ती मी उचलत नाही.