लाकडी पुलाचा खडखडाट असा थांबवला

लष्करी सरावाच्या रस्त्यावरचा आमचा तयार भागांचा लाकडी पूल जड ट्रक गेला की खडखडायचा. खालून पाहिलं, तर कडेवर उभ्या करून शेजारी-शेजारी लावलेल्या फळ्यांच्या फटींतून चक्क उजेड दिसत होता. फळ्या कुजल्या नव्हत्या. त्यांना आवळणाऱ्या आडव्या पोलादी सळ्यांचा ताण गेला होता. लाकूड दाबाने हळूहळू दबतं, वाळलं की आकसतं. म्हणूनच बसवल्यावर आठवड्याने आणि पुन्हा 5-6 आठवड्यांनी सळ्या ताणायच्या असतात. दुसरी खेप कुणी केलीच नव्हती.

आधी फटींतली खडी हवेने उडवली (ती आत राहिली तर सगळी मेहनत फुकट). मग हायड्रॉलिक जॅकने टप्प्याटप्प्याने ताण दिला. एकच सळी एकदम आवळली तर शेजारची ढिली पडते. रणगाड्यांनी खरवडलेल्या वरच्या फळ्याही बदलल्या. ताणाचे आकडे आता पुलाच्या फाईललाच लावून ठेवलेत.