लॉला जाताय? निदान या चुका तरी टाळा

दिवाळी आटोपली की आमच्या घरी मुलांची ये-जा सुरू होते. कुणी सुदामानगरातून येतं, कुणी भंवरकुआंच्या क्लासमधून पाठीवरच्या सॅकसकट थेट. बीए, बीकॉम, बीएस्सीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं. "काकू, लॉ करायचंय. काय करू?" गेली वीस वर्षं मी हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात वकिली करते आणि मुलांना शिकवायला मला मनापासून आवडतं. पण मुलं दरवर्षी नवी आणि चुका त्याच जुन्या. म्हणून एकदा लिहूनच काढते.

ऐकून फॉर्म भरणं

ही चूक वर्षच खाते, म्हणून सगळ्यात आधी.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात एका संध्याकाळी ओळखीच्या वहिनी मुलाला घेऊन आल्या. मुलगा बीकॉमच्या तिसऱ्या वर्षाला, हुशार, मेहनती. चेहरा पार उतरलेला. हातात क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची, प्रश्नपत्रिका होती. मी ती उघडली तर क्लॅट पीजी! राज्यघटना, न्यायशास्त्र, करार कायदा, कंपनी कायदा, कर कायदा. म्हटलं, "अरे, ही एलएलएमची परीक्षा. एलएलबी झालेल्यांची. तू कशी दिलीस?" तो म्हणाला, "काकू, यूजी म्हणजे बारावीनंतरची आणि पीजी म्हणजे ग्रॅज्युएशननंतरची ना? सीनियरने सांगितलं होतं." फॉर्म भरला होता कोपऱ्यावरच्या दुकानात. एलएलबीचा तपशील विचारला तिथे दुकानदाराने 'अपिअरिंग' टाकून दिलं आणि ४००० रुपये फी भरून मोकळा झाला. ब्रोशर ना मुलाने उघडलं होतं, ना वडिलांनी, ना त्या सीनियरने. पात्रतेची अट तिथे एका वाक्यात लिहिलेली होती.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं. मला राग आला तो मुलाचा नव्हे, ऐकीव माहितीवर चालायच्या सवयीचा. आम्ही रात्रीच बसून पुढच्या परीक्षांच्या तारखा काढल्या आणि वर्ष कसंबसं वाचलं. पण जी तयारी वर्षभर शांतपणे व्हायला हवी होती, ती त्याला तीन महिन्यांत करावी लागली आणि मनाजोगं कॉलेज काही मिळालं नाही.

तेव्हा नीट समजून घ्या. क्लॅट यूजी पाच वर्षांच्या कोर्ससाठी, पात्रता बारावी. तिला वयाची वरची मर्यादा नाही, त्यामुळे कॉलेजच्या पहिल्या वर्षातला मुलगाही ती देऊ शकतो, फक्त प्रवेश मिळाला तर सध्याचं कॉलेज सोडावं लागेल. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएलबीला क्लॅट चालत नाही. दिल्ली विद्यापीठ आणि बनारस हिंदू विद्यापीठ सीयूईटी पीजी या पदव्युत्तर कोर्सेसच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून घेतात. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने २०२२ मध्ये तीन वर्षांचा कोर्स सुरू केला, त्याची एनएलसॅट नावाची वेगळी परीक्षा असते. अर्धे गुण पर्यायी प्रश्नांना आणि अर्धे लिहून द्यायच्या उत्तरांना. म्हणजे नुसते गोल काळे करायची सवय तिथे पुरत नाही. महाराष्ट्रासाठी एमएच सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा.

माझी सवय सांगते. ब्रोशर मी मोबाइलवर वाचत नाही, प्रिंट काढते. पात्रता, तारखा, फी आणि लागणारी कागदपत्रं या चार गोष्टी मुलाने स्वतःच्या अक्षरात एका पानावर उतरवायच्या. ते पान पाहिल्याशिवाय मी पुढचं बोलतच नाही. मुलं कंटाळतात. कंटाळू देत.

'आम्ही मराठीच आहोत की'

ही खास आपल्या इंदूरकरांची चूक. आत्या पुण्याला, मामा ठाण्याला, आजोबांचं गाव साताऱ्याकडचं, घरात मराठी. मग एमएच सीईटीच्या प्रवेशाच्या फॉर्ममध्ये मुलं बिनधास्त महाराष्ट्राचे उमेदवार म्हणून खूण करतात. मातृभाषा मराठी असणं वेगळं आणि महाराष्ट्राचा अधिवास असणं वेगळं. दहावी-बारावी इंदूरला, पदवी इंदूरची, आईवडिलांचा दाखला मध्य प्रदेशचा, तर तुम्ही परराज्यातले उमेदवार. कागद तपासताना हे उघड होतं आणि ज्या कॉलेजवर सगळी आशा ठेवलेली असते ते हातचं जातं. पुण्याला जरूर अर्ज करा, पण परराज्यातल्या उमेदवारांच्या जागा किती ते आधी पाहून.

दुसरं असं की हा पेपर इंग्रजीबरोबर मराठीतही असतो म्हणून 'मराठीत वाचीन' असं ठरवून जाऊ नका. घरी बोलायची मराठी आणि कायद्याची मराठी यांत फार अंतर आहे. 'दखलपात्र', 'फिर्यादी', 'प्रतिज्ञापत्र' हे शब्द हिंदी किंवा इंग्रजी शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांनी कधी वाचलेलेच नसतात.

तीन भाषांची गफलत

याच्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण क्लासमध्ये हे कुणीच सांगत नाही. इंदूरच्या मराठी मुलाची भाषा घरात मराठी, वर्गात हिंदी आणि परीक्षेत इंग्रजी. पुढे वकिली करताना खालच्या कोर्टात हिंदी आणि हायकोर्टात राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे मुख्यतः इंग्रजी. हे तीनही येतात ही आपली ताकद आहे. पण लिपी एकच असल्यामुळे शब्द ओळखीचे वाटतात आणि तिथेच घात होतो.

'शिक्षा' घ्या. मराठीत सजा, हिंदीत शिक्षण. 'दंड' घ्या. आपल्याकडे दंड म्हणजे भरायचे पैसे. हिंदी कायद्यात दंड म्हणजे सगळीच सजा, फाशीसुद्धा, आणि पैशांना शब्द आहे 'जुर्माना'. हिंदी कलमात 'दंडित किया जाएगा' वाचून पैसे भरून सुटका होते असं समजणारी मुलं मी स्वतः पाहिली आहेत.

आणि 'राजीनामा'. एक मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे काम शिकायला येत होती. जिल्हा कोर्टात दोन भावांचा मारामारीचा खटला होता, आणि माझ्या सहकाऱ्याने तिला सांगितलं, "आज राजीनामा पेश करना है, फाइल निकालो." ती अर्धा तास फाइलमध्ये शोधत राहिली, की यातला नोकरीवाला कोण आणि नोकरी कुठली. आपल्या कोर्टांत राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांची आपसातली तडजोड. तिने विचारलं म्हणून कळलं. न विचारणारी मुलं हे असंच वर्षानुवर्षं मनात घेऊन फिरतात.

उपाय साधा आहे आणि मी तो तिच्याकडून त्याच दिवशी सुरू करून घेतला. दोनशे पानी वहीला तीन रकाने पाडायचे, इंग्रजी, हिंदी, मराठी. 'बेल', 'जमानत', 'जामीन'. 'कॉग्निझेबल', 'संज्ञेय', 'दखलपात्र'. 'अक्यूज्ड', 'अभियुक्त', 'आरोपी'. रोज पाच शब्द. तयार यादी छापून मागू नका, मी देत नाही. हाताने लिहिलेलाच शब्द डोक्यात राहतो. बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, घेताना शक्यतो डिग्लॉट घ्या, म्हणजे इंग्रजी आणि हिंदी कलम शेजारी शेजारी वाचता येतं.

जुनी पुस्तकं

खजुरी बाजारात स्वस्तात मिळाली म्हणून २०२४ च्या आधीची फौजदारी कायद्याची पुस्तकं उचलू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता (गुन्हे आणि शिक्षा), भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (खटल्याची प्रक्रिया) आणि भारतीय साक्ष्य अधिनियम (पुरावा) लागू आहेत. खुनाची ३०२ आता १०३ झाली, फसवणुकीची ४२० गेली ३१८ मध्ये. नव्या न्याय संहितेत ३०२ क्रमांक आहेच, पण तो धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने काढलेल्या शब्दांचा. ४८२ तर आणखी फसवी. जुन्या प्रक्रिया संहितेत ती हायकोर्टाच्या अंगभूत अधिकारांची होती, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती अटकपूर्व जामिनाची. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनंच दंडविधान लागतं, त्यामुळे कोर्टात ते संपलेलं नाही. पण शिकायला सुरुवात नव्याने करा.

निकाल न वाचता निकाल पाठ करणं

ही माझी सगळ्यात दुखरी नस. मुलं महिन्याच्या चालू घडामोडींची पीडीएफ आणि '५० महत्त्वाचे निकाल' असली पत्रकं पाठ करतात. एका ओळीत खटल्याचं नाव, एका ओळीत निष्कर्ष. विचारलं की धडाधड म्हणतात, "शाहबानो, १९८५, मुस्लिम घटस्फोटितेला पोटगी." मी विचारते, हा खटला कुठला? गप्प. अरे, तो आपल्या इंदूरचा! इथल्याच कोर्टात सुरू झाला, नवरा इथलाच वकील होता. ज्या रस्त्यांवरून तुम्ही रोज क्लासला जाता त्याच शहरातली ती बाई.

मी कुठलाही निकाल वाचायला घेतला की आधी तारखांची यादी करते. माझ्या सीनियरने लावलेली सवय. शाहबानोची यादी अशी होते. लग्न १९३२. घराबाहेर काढलं १९७५. महिना ५०० रुपये पोटगी मागणारा अर्ज एप्रिल १९७८. अर्ज चालू असतानाच ६ नोव्हेंबर १९७८ ला तलाक. ऑगस्ट १९७९ मध्ये मॅजिस्ट्रेटने मंजूर केले महिना २५ रुपये. जुलै १९८० मध्ये मध्य प्रदेश हायकोर्टाने ते वाढवून १७९ रुपये २० पैसे केले. त्याविरुद्ध नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २३ एप्रिल १९८५ ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या घटनापीठाने त्याचं अपील फेटाळलं.

ही यादी स्वतः लिहिली की प्रश्न आपोआप पडतात. ४३ वर्षांच्या संसारानंतर बाहेर काढलेली बाई, अर्ज करते १९७८ मध्ये आणि शेवटचा निकाल लागतो १९८५ मध्ये. २५ रुपये कुठल्या हिशेबाने? तलाक झाला, इद्दत (तलाकनंतरचा ठरावीक काळ) संपली, मेहर (लग्नात ठरलेली रक्कम) दिली, तर पुढची जबाबदारी उरते का? जुन्या प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं कलम १२५ सगळ्या धर्मांना लागू कसं? त्यानंतर घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठीचा १९८६ चा कायदा का आला, आणि २००१ मध्ये डॅनियल लतीफी खटल्यात न्यायालयाने त्याचा अर्थ कसा लावला? ते कलम १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे, हेही मग विसरत नाही. एनएलसॅटसारख्या परीक्षेत लिहून उत्तर द्यायचं असतं तिथे असा मुलगा लगेच वेगळा दिसतो.

निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. महिन्याला एक वाचा. एक. ज्याला महिन्यात पन्नास हवेत त्याने माझ्याकडे येऊ नये, कारण पुढे अशील समोर बसलेला असताना ते एका ओळीचं पाठांतर कामाला येत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

पदवीचे गुण सोडून देणं. तीन वर्षांच्या एलएलबीला बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे खुल्या वर्गाला किमान ४५ टक्के, ओबीसींना ४२, एससी-एसटींना ४० लागतात. दिल्ली विद्यापीठ खुल्या वर्गाला ५० मागतं. ४४.८ घेऊन रडत आलेली मुलगी मला आजही आठवते.

एमकॉम आणि एलएलबी एकदमच करायचा बेत. दोन नियमित पदव्या सोबत करायला बार कौन्सिलचे २००८ चे नियम मनाई करतात.

'हजेरी नको, फक्त परीक्षेला या' म्हणणारी कॉलेजं. त्याच नियमांत ७० टक्के हजेरी आहे. पत्राने एलएलबी नावाची गोष्ट नाही. स्वस्त वाट म्हणून तिकडे गेलेले लोक पुढे सनदेसाठी, म्हणजे वकिलीच्या परवान्यासाठी, खेटे घालताना मी पाहिलेत.

मॉकवर मॉक, म्हणजे सराव परीक्षा, देत सुटणं. क्लॅटमध्ये १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात, चुकीला पाव गुण कापतात, आणि सगळे प्रश्न उताऱ्यांवर. एक मॉक द्या आणि दोन दिवस त्याचीच चिरफाड करा. आठवड्याला चार दिल्याने अंगात फक्त घाई भिनते.

मनाने न्याय करणं. उताऱ्यात नियम दिलेला असतो, उत्तर त्याच नियमाने द्यायचं. राजवाड्यावर पावसात दुकानाबाहेरून चुकून दुसऱ्याची छत्री नेली, तर ती चोरी नाही, कारण न्याय संहितेच्या कलम ३०३ ला अप्रामाणिक हेतू हवा. छत्रीवाल्या आजोबांची दया येऊन 'चोरी' वर खूण करणारी मुलं चांगल्या मनाची असतात, म्हणूनच त्यांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

एलएलबी झाली की लगेच जज होईन, हा हिशेब. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी किमान तीन वर्षांची वकिली आवश्यक ठरवली आहे. घरच्यांना हे आजच सांगा. त्यांनी मनात धरलेली वर्षं वेगळी असतात, आणि मग वकिलीच्या पहिल्या वर्षात, जेव्हा हातात पैसा नसतो, तेव्हा घरात रोज तोच विषय निघतो.

यंदा येणाऱ्यांनी रविवारी सकाळी यावं. पदवीच्या सगळ्या गुणपत्रिका, ज्या परीक्षेला बसायचंय तिच्या ब्रोशरची प्रिंट आणि एक कोरी दोनशे पानी वही सोबत आणायची. वहीला तीन रकाने घरूनच पाडून आणा.