गरोदरपणातलं इन्फेक्शन: त्रास नसला तरी टेस्ट का करायच्या आणि ताप आला तर काय करायचं

प्रेग्नन्सीत इन्फेक्शनबद्दल एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, आईला किती त्रास होतोय यावरून बाळाला किती धोका आहे हे कळत नाही. योनीतल्या यीस्टच्या म्हणजे बुरशीच्या इन्फेक्शनमध्ये खाजेने जीव नकोसा होतो, दह्यासारखं पांढरं जातं, पण त्याने बाळाला सहसा काही होत नाही, डॉक्टरांनी दिलेल्या क्रीमने किंवा आत ठेवायच्या गोळीने बरं होतं. आणि रुबेला म्हणजे जर्मन गोवर बघा, आईला दोन-तीन दिवस बारीक पुरळ आणि कणकण, बस. पण तोच पहिल्या 12 आठवड्यांत झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयात दोष होऊ शकतात नाहीतर गर्भपात होतो. 1941 साली ऑस्ट्रेलियातले डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं येत होती, त्यांच्या आयांना सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला होऊन गेला होता हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा कुठे हा संबंध जगाला कळला. म्हणून "मला तर काहीच होत नाहीये, टेस्ट कशाला" हे मनातून काढूनच टाका.

अजून दिवस राहिले नसतील तर फारच चांगलं, कारण रुबेला आणि कांजिण्यांची लस गरोदर असताना देत नाहीत, ती आधीच घ्यायची आणि नंतर निदान एक महिना थांबायचं. दिवस राहिल्यावर पहिल्या रक्ततपासणीत हिपॅटायटिस बी, एचआयव्ही आणि सिफिलिस या तिन्ही टेस्ट आहेत ना ते स्वतः विचारा. ही नावं ऐकून बऱ्याच जणींना लाज वाटते किंवा आपल्यावर संशय घेतायत असं वाटतं, तसं काही नसतं हो, या टेस्ट प्रत्येकीच्याच करायच्या असतात. आणि या तिन्हींवर करण्यासारखं खूप काही आहे म्हणून तर करतात. सिफिलिस पेनिसिलिनने बरा होतो आणि बाळही वाचतं. एचआयव्हीची औषधं वेळेत सुरू करून नीट घेतली तर बाळाला लागण व्हायची शक्यता 1 टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. हिपॅटायटिस बी असेल तर बाळाला जन्मानंतर 12 तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचं म्हणजे तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शन देतात, म्हणून तो रिपोर्ट डिलिव्हरीच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवा.

आता लघवीचं, यावर जरा जास्त बोलते कारण हे सगळ्यात जास्त होतं आणि सगळ्यात जास्त अंगावर काढलं जातं. गरोदरपणात हार्मोन्समुळे लघवीच्या नळ्या सैल पडतात, वरून गर्भाशयाचा दाब, मग लघवी साचून राहते आणि जंतूंना वाढायला वेळ मिळतो. जळजळ नाही काही नाही तरी जंतू असू शकतात, आणि औषध घेतलं नाही तर अशा शंभरातल्या साधारण 20 ते 30 जणींना ते किडनीपर्यंत चढतं, मग थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर एका बाजूला दुखणं, अ‍ॅडमिट व्हावं लागतं आणि कळाही लवकर सुरू होऊ शकतात. त्यामुळे सुरुवातीलाच युरीन कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची टेस्ट, करून घ्या, नुसती साधी लघवीची तपासणी यासाठी पुरत नाही. सॅम्पल देताना आधी हात धुवायचे, पुढून मागे असं पुसून घ्यायचं, पहिली धार सोडून द्यायची आणि मधली धार डबीत धरायची, डबीच्या आत किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, आणि डबी लगेच लॅबला द्यायची, तासन् तास बाहेर ठेवली तर त्यात जंतू वाढतात आणि रिपोर्ट चुकीचा येतो. अँटिबायोटिकचा कोर्स दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडू नका, आणि संपल्यावर पुन्हा कल्चर करायचं का तेही विचारा.

ताप 38 डिग्री म्हणजे 100.4 च्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. तोपर्यंत पॅरासिटॅमॉल चालते, आयबुप्रोफेन नको, विशेषतः 20 आठवड्यांनंतर त्याने बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. घरात उरलेली अँटिबायोटिक तर मुळीच घेऊ नका, डॉक्सीसायक्लिनच्या गटातली औषधं बाळाच्या दात-हाडांना चालत नाहीत. पण याचं दुसरं टोकही तितकंच वाईट, म्हणजे बाळाला काही होईल या भीतीने डॉक्टरांनी दिलेलं औषधच न घेणं. अंगात मुरलेलं इन्फेक्शन त्या औषधापेक्षा कितीतरी जास्त नुकसान करतं.

कांजिण्या आलेल्या कोणाजवळ बसलात आणि तुम्हाला आधी कधी झाल्या नसतील तर पुरळ यायची वाट बघू नका, लगेच कळवा, संपर्कानंतर 10 दिवसांच्या आत देता येणारं इंजेक्शन असतं.

घरात काय सांभाळायचं तर मांस आणि अंडी पूर्ण शिजवलेली, दूध उकळलेलं किंवा पाश्चराइज्ड, भाज्या-फळं धुऊनच. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजमध्येही वाढतो, आईला जरा फ्लूसारखं वाटतं आणि इकडे बाळ दगावू शकतं, म्हणून फ्रिजमधलं शिळं खायचंच असेल तर वाफ येईपर्यंत गरम करा. मांजर असेल तर तिची घाण दुसऱ्या कोणीतरी रोजच्या रोज काढावी, टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी जंतू त्यातून लागतो, पण मांजर घराबाहेर काढायची गरज नाही. आधीचं मूल अजून लहान असेल तर त्याचं उष्टं खाऊ नका, डायपर बदलल्यावर साबणाने हात धुवा, कारण सीएमव्ही हा व्हायरस लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून येतो आणि पोटातल्या बाळाच्या कानांवर परिणाम करू शकतो.

छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास ग्रुप बी स्ट्रेप, म्हणजे डिलिव्हरीच्या वेळी आईकडून बाळाला लागू शकणारा जंतू, याची टेस्ट करायची का ते विचारा, पॉझिटिव्ह आली तर कळा सुरू झाल्यावर शिरेतून अँटिबायोटिक देतात.

रात्र असली तरी निघायचं ते असं: पाणी गेलं, अंगावरून हिरवट किंवा घाण वासाचं जातंय, तापाबरोबर पोट दुखतंय, धाप लागतेय किंवा बाळाची हालचाल कमी झालीय. आणि डिलिव्हरी झाली म्हणजे सुटलो असं नाही, नंतरच्या सहा आठवड्यांत ताप आला, जाणाऱ्या रक्ताला वास यायला लागला, टाक्यांमधून पू आला किंवा छाती लाल होऊन ठणकायला लागली तरी तसंच त्याच दिवशी दाखवायचं, आणि बाळ दूध ओढत नसेल, फार सुस्त पडलं असेल किंवा अंग गरम नाहीतर गार लागत असेल तर त्यालाही लगेच घेऊन जायचं.