पोर्ट नंबर फोनवर सांगणं बंद!

चोपडा, रावेर, पाचोरा... शाखेत नवीन माणूस आला की जळगावहून फोनवर थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅमची सेटिंग सांगा. तिकडे पोर्ट नंबर (मेल सर्व्हरशी जोडायचा आकडा) ९९३ चं ९३९ होतं आणि "भाऊ, मेल येतच नाही" सुरू. मे महिन्यात एवढ्यासाठी एसटीने रावेर गाठलंय मी.

आता असं करतो:

१. नोटपॅडमध्ये सेटिंगची एक्सएमएल फाइल (थंडरबर्डला वाचता येणारी साधी मजकुराची फाइल) एकदाच बनवायची: आयमॅप (मेल येण्यासाठी) ९९३, एसएमटीपी (मेल पाठवण्यासाठी) ४६५, दोन्हीकडे एसएसएल (सुरक्षित जोडणी). (तुमच्या सर्व्हरचे आकडे वेगळे असतील तर ते.)

२. युजरनेमच्या जागी कोणाचं नाव नाही. इंग्रजी कॅपिटलमध्ये 'ईमेलअॅड्रेस' हा सलग शब्द, मागेपुढे टक्क्याचं चिन्ह. ज्याचा त्याचा ईमेल पत्ता तिथे आपोआप बसतो. खरी गंमत इथेच आहे.

३. फाइलला आपल्या डोमेनचं (ईमेल पत्त्यात @ नंतरचा भाग) नाव, शेवटी डॉट एक्सएमएल. नोटपॅड गुपचूप डॉट टीएक्सटी चिकटवतं, बघून घ्या.

४. नवीन माणसाच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम फाइल्समधल्या थंडरबर्डच्या 'आयएसपी' फोल्डरात टाका. फोल्डर नसेल तर बनवा.

मग नाव, पत्ता, पासवर्ड टाकला की झालं.

मात्र एकाच्या थंडरबर्डमधला तयार प्रोफाइलचा (त्याचं खातं साठवणारा) फोल्डरच पेनड्राइव्हवर उचलून दुसरीकडे टाकू नका; त्यात पहिल्याचे मेल आणि सेव्ह केलेले पासवर्डही जातात.