गायब करणं, दोन करणं, मोठं करणं: मेलिएस-फाळक्यांच्या करामती फोनवर

फ्रेंच दिग्दर्शक जॉर्ज मेलिएस आणि दादासाहेब फाळके हे दोघेही सिनेमात येण्याआधी जादूचे प्रयोग करत. मेलिएसने १८८८ साली पॅरिसमधलं एक जादूचं थिएटरच विकत घेतलं होतं. फाळके आपलं आडनाव उलटं वाचून 'प्रोफेसर केळफा' या नावाने प्रयोग करायचे. त्यामुळे यांचे सिनेमे बघताना 'हे केलं कसं?' असं विचारण्यात काही गैर नाही. प्रेक्षकाने ते विचारावं अशीच त्यांची इच्छा असणार. उत्तर मात्र नुसतं वाचून पटत नाही, करून बघावं लागतं.

त्यासाठी न डुगडुगणारा ट्रायपॉड, फोकस-एक्स्पोजर-व्हाइट बॅलन्स (चित्राची स्पष्टता, उजेड आणि रंगछटा) हाताने ठरवता येईल असं कॅमेरा अ‍ॅप आणि व्हिडिओचे दोन थर एकावर एक ठेवता येतील असं एडिटिंग अ‍ॅप लागेल. फोन महागडा असायची गरज नाही.

आधी सिनेमाची प्रत नीट निवडा

मूकपटांचे कॅमेरे हाताने फिरवायचे असत. वेग साधारण सेकंदाला १६ ते १८ फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्रं. तीच फिल्म २४ च्या वेगाने चालवली की माणसं तुरुतुरु पळायला लागतात आणि 'जुने सिनेमे असेच असतात' हा गैरसमज पक्का होतो. चालणारी माणसं घाईत वाटली, तर प्लेअरचा वेग ०.७५ करा. २४ चे १८ होतात आणि बहुतेक वेळा चाल ताळ्यावर येते. काही प्रतींचा वेग आधीच सुधारलेला असतो, म्हणून नियम लावण्याआधी माणसांची चाल बघा.

'६० फ्रेममध्ये सुधारलेली', 'रंगीत केलेली' अशा प्रती या कामासाठी टाळाच. त्यांत संगणक दोन फ्रेमच्या मधे आपल्या मनाच्या फ्रेम भरतो. नेमक्या ज्या सांध्यावर, म्हणजे फिल्मचे दोन तुकडे जोडलेल्या जागी, माणूस गायब होतो, तिथे तो वितळल्यासारखा दिसतो. म्हणजे जे बघायला आलो, तेच पुसलेलं.

संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ई' ही कळ दाबली की एकेक फ्रेम पुढे जाते. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ पुढे नेते, स्वल्पविरामाची मागे. करामतीच्या आधीच्या पाच-सहा फ्रेम आणि नंतरच्या पाच-सहा एवढंच पुन्हा पुन्हा बघा. गायब होणाऱ्याकडे लक्ष देऊ नका, बाकीच्यांकडे द्या. कुणाचा तरी हात बोटभर सरकलेला असतो, कपड्याची चुणी बदललेली असते. काही प्रतींमध्ये दोन फ्रेमच्या मधे फिल्म डकवल्याची रेघही दिसते.

ती रेघ महत्त्वाची आहे. मेलिएस स्वतः सांगायचा तो किस्सा सगळ्यांना माहीत असतो: पॅरिसच्या ऑपेरा चौकात चित्रण करताना कॅमेरा अडकला, मिनिटभराने चालू झाला आणि पडद्यावर प्रवासी गाडीची शववाहिनी झाली. किस्सा झकास आहे, पण एडिसनच्या कंपनीने १८९५ सालीच स्कॉटलंडच्या राणी मेरीच्या शिरच्छेदाच्या दृश्यात हीच युक्ती वापरली होती. आणि मेलिएसचं खरं कसब कॅमेरा थांबवण्यात नव्हतंच. हाताने फिरवायचा कॅमेरा थांबताना आणि पुन्हा सुरू होताना मंद असतो, म्हणून त्या फ्रेमवर उजेड जास्त पडतो आणि त्या पांढुरक्या होतात. शिवाय माणूस नेमका हव्या त्या क्षणी थांबत नाही. म्हणून मेलिएस नंतर कात्री घेऊन बसायचा, खराब फ्रेम कापायचा आणि हालचाल जुळेल अशा जागी फिल्म डकवायचा. १८९६ सालच्या त्याच्या चित्रपटात खुर्चीवरची बाई गायब होते. रंगमंचावर या प्रयोगासाठी खाली चोरदरवाजा लागायचा, इथे त्याची जागा कात्रीने घेतली.

गायब करणं

म्हणून फोनवरही मधे रेकॉर्डिंग बंद करू नका. बटण दाबलं की फोन केसभर हलतो आणि तेवढं पुरे असतं. कॅमेरा सलग चालू ठेवा, नको तो भाग नंतर कापा.

फोन एअरप्लेन मोडवर टाका. व्हिडिओ स्टॅबिलायझेशन (हादरे कमी करणारी सोय) बंद करा. ट्रायपॉडवर ते उपयोगाचं नाहीच, वर चौकट हळूच सरकवतं. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. हे विसरलात तर पांढरा सदरा घातलेला माणूस चौकटीबाहेर गेला की फोन उजेड वाढवतो आणि मागची भिंत एकदम उजळते. घरातल्या दिव्यांत चित्रण असेल, तर शटर (एका फ्रेमवर उजेड पडू देण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दुसऱ्या वेगांवर चित्रात लुकलुक किंवा सरकते पट्टे येतात. खिडकीच्या उजेडावर भरवसा नको, ढग आला की सावल्या बदलतात.

पंखा बंद. पडदे बांधून ठेवा. साडीचा पदर पिन करा. झुमके काढा, कारण माणूस स्तब्ध उभा राहिला तरी झुमके बराच वेळ झुलत राहतात. जागेवरच राहणाऱ्यांच्या पावलांभोवती खडूने खूण करा.

आता जादूगार हात वर नेतो आणि मधेच थिजतो. कोपर अंगाला टेकलेलं असेल तर हात स्थिर राहतो. ताठ पसरलेला हात दहा सेकंदांतच खाली येऊ लागतो. 'थांबा' म्हटल्यावर बाकीचे थिजतात, जाणारा माणूस कुणालाही धक्का न लावता बाहेर पडतो. हे १५-२० सेकंदांत उरकायला हवं. मग 'चला' म्हटलं की जादूगार तीच हालचाल पुढे पूर्ण करतो. 'हालचाल संपली आणि मग माणूस गेला' असं केलं तर डोळा रिकाम्या खुर्चीवर खिळलेला असतो आणि सांधा पकडतो. हात वेगात असताना कापलं, तर डोळा हाताच्या मागे जातो.

एडिटिंगमध्ये सांध्यानंतरची पहिली फ्रेम वरच्या थरावर ठेवून तिची पारदर्शकता ५० टक्के करा. दोन नाकं, दोन कोपरं दिसली तर मागे-पुढे सरकत दुसरी फ्रेम शोधा. कॅमेरा किंचित हलला असेल, तर दुसरा तुकडा १०१ किंवा १०२ टक्क्यांपर्यंत मोठा करून काही पिक्सेल सरकवता येतो. माणसंच हलली असतील तर इलाज नाही, पुन्हा घ्या.

धूर हवा असेल तर तो सांध्यानंतर सुरू झाला पाहिजे. आधी सुरू झालेला धूर सांध्यावर उडी मारतो आणि चोरी उघडी पडते. चौकटीच्या खाली बसलेल्या एकाने 'चला'च्या क्षणी टाल्कम पावडर फुंकली की काम होतं. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर वापरू नका. हवेत उडालेलं पीठ ज्योतीजवळ पेट घेतं.

इथे दोघांमधला एक फरक सांगायला हवा, कारण तो चित्रणातही उपयोगी पडतो. मेलिएस करामत करून प्रेक्षकाकडे बघतो, रंगमंचावरच्या जादूगारासारखा. फाळक्यांच्या सिनेमात चमत्कार बघणारा माणूस पडद्यावरच असतो. 'श्रीकृष्ण जन्म' (१९१८) मध्ये कंसाला चहूकडे कृष्ण दिसू लागतो आणि कंसाची घाबरगुंडी उडते. 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये कृष्ण पाण्यात, आणि काठावर गोकुळातली माणसं हवालदिल. पुढे काय होणार हे थिएटरातल्या प्रत्येकाला पाठ होतं. कथा सांगायची गरजच नव्हती, म्हणून फाळके तो वेळ बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांना देऊ शकले. आम्हाला हे कृष्णाच्या चमत्कारांहून मोठं काम वाटतं. तुमच्या चौकटीतही एक बघणारा ठेवा. त्याने लगेच दचकू नये. सांध्यानंतर साधारण अर्धा सेकंद, म्हणजे २४ च्या वेगाला १२ फ्रेम, तो जादूगाराकडेच बघत राहू दे. मग रिकाम्या खुर्चीकडे वळू दे.

एकाचे दोन

१९०० सालच्या एका चित्रपटात मेलिएस एकटाच सात वादक झाला. एकच फिल्म मागे गुंडाळून सात वेळा चालवली, दर वेळी दुसऱ्या खुर्चीवर बसून. सातव्या वेळी चूक झाली तर आधीची सहाही वाया. आपल्याला ही धास्ती नाही. कॅमेरा न हलवता डावीकडचं चित्रण करा, मग उजवीकडचं आणि एडिटिंगमध्ये मास्क (चित्राचा नको तो भाग झाकणारी सोय) लावून अर्धा-अर्धा भाग जोडा.

शिवण, म्हणजे दोन भागांचा जोड, खांबावर, दाराच्या चौकटीवर किंवा कपाटाच्या कडेवर येईल अशी जागा निवडा, मोकळ्या भिंतीवर नको. शिवणीपासून दोन्हीकडे वीतभर अंतर राखा. नेहमी फसतं ते सावलीमुळे: माणूस डावीकडे असतो, पण त्याची सावली शिवण ओलांडते आणि अर्धीच कापली जाते. दिवा समोरून आणि उंचावरून लावला की सावली पायाशी पडते. नजर जुळवायला समोरच्या जागी काठी उभी करून डोळ्यांच्या उंचीवर चिकटपट्टी लावा. दोघांचं बोलणं जुळायला आधी सगळे संवाद दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करून दोन्ही वेळा तेच चालवा.

जाता जाता: 'लंकादहन' (१९१७) मध्ये राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या. त्यात करामत काही नाही, बहुतेक स्त्रिया पडद्यावर यायला तयार नव्हत्या त्या काळातली सोय आहे. पण दोघं एका चौकटीत आणायची म्हटली की हीच शिवण घालावी लागेल.

डोकं मोठं करणं

१९०१ साली मेलिएसने टेबलावर ठेवलेलं स्वतःचंच डोकं भात्याने फुगवलं आणि मदतनिसाने हवा जास्त भरल्यावर ते फुटलं. डोकं फुगत नव्हतं, पुढे येत होतं. मेलिएस चाकाच्या खुर्चीवर बसून कॅमेऱ्याकडे चढत जाणाऱ्या उतारावरून पुढे सरकत होता, मागे सगळं काळं.

हिशोब सोपा: अंतर निम्मं झालं की आकार दुप्पट. दोन मीटरवरून अर्ध्या मीटरवर आलात तर डोकं चौपट. उतार कशाला हवा? लेन्सच्या पातळीखालची वस्तू जवळ आली की चौकटीत खाली घसरते, त्यामुळे डोकं टेबलात बुडाल्यासारखं दिसतं. घरी उतार बनवायची गरज नाही. लेन्स बरोबर हनुवटीच्या उंचीवर ठेवा. मग हनुवटी मध्यावरच राहते आणि डोकं वरच्या बाजूला वाढतं.

गळ्यापासून खाली आणि मागे काळं कापड. सुती काळा कपडा उजेडात करडा दिसतो, मखमल उत्तम. कापडावर थेट उजेड पडू देऊ नका, दिवे चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा. माणूस मागच्या कापडापासून कमीत कमी दीड मीटर पुढे हवा. फोकस शेवटच्या जागेच्या थोडा मागे लॉक करा, कारण मोठ्या डोक्यावरचा अंधूकपणा लगेच जाणवतो. खुर्ची ढकलणाऱ्याने सुरुवातीला हळू आणि शेवटी त्याहून हळू ढकलावं. एकाच वेगाने ढकललं तर शेवटच्या अर्ध्या मीटरमध्ये डोकं अंगावर धावून आल्यासारखं होतं.

एडिटिंगमध्ये डोक्याचा थर टेबलाच्या चित्रावर ठेवून ब्लेंड मोड (थर एकमेकांत मिसळायची पद्धत) 'स्क्रीन' निवडा. काळं नाहीसं होतं. इथे बहुतेकांचं चुकतं: डोकं भुतासारखं आरपार दिसतं. कारण 'स्क्रीन' फक्त उजेडात उजेड मिसळतो, खालचं झाकत नाही. फिल्मवर दोनदा चित्रण केलं तरी हेच व्हायचं, म्हणून मेलिएस डोकं येणार ती जागा नेपथ्यातच काळी ठेवायचा. तुम्हीही टेबलामागे काळोखी कमान, उघडं दार किंवा फळा ठेवा आणि सगळ्यात मोठं झालेलं डोकं त्यात मावतं का ते आधी मोजा.

वाटाण्याचा वेल

'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली, फाळक्यांनी भांडवलदारांना पटवण्यासाठी वाटाण्याच्या वाढीचा छोटा चित्रपट एकेक फ्रेम घेऊन केला. पैसे द्यायला माणसं तयार झाली यात नवल नाही, आजही असं चित्रण बघताना हात थांबतो.

वाटाणे रात्रभर भिजवा, कुंडीत दोन-तीन सेंटिमीटर खोल चार-पाच पेरा. एक तरी मनासारखा उगवतो. दर दहा मिनिटांनी एक फोटो म्हणजे दिवसाला १४४. दहा दिवसांचे १४४०, म्हणजे २४ च्या वेगाने बरोबर एक मिनिट. एका फोटोचे ४ एमबी धरले तर पावणेसहा जीबी जागा लागेल. फोन चार्जरवरच राहू दे आणि कव्हर काढून ठेवा, नाहीतर तापून अ‍ॅप बंद पडतं.

खिडकी पूर्ण झाका आणि एलईडी दिवा वरून लावा. दिवा बाजूला असेल तर रोप तिकडेच वाकून चौकटीबाहेर जातं. सुरुवातीला माती चौकटीच्या तळाशी ठेवा, वरचा तीन चतुर्थांश भाग रिकामा. आठवड्यानंतर तो अपुरा वाटेल. कुंडी टेबलाला दुहेरी चिकटपट्टीने पक्की करा आणि पाणी बिनसुईच्या सिरिंजने कडेने सोडा. वरून पाणी ओतलं की माती खचते आणि चित्रात कुंडी उसळते. वीज जात असेल तर दिवा इन्व्हर्टरवर घ्या. एखाद्या वेळी अंधारातले फोटो आलेच, तर ते नुसते काढून टाका. दोन-तीन फोटो कमी झाले तर कळत नाही, तासाभराचे गेले तर रोप झटका दिल्यासारखं उडी मारतं. मग त्या जागी दोन बाजूंचे फोटो एकमेकांत विरघळवून सहा-आठ फ्रेमचा डिझॉल्व्ह टाका.