सेकंडहँड गाडीच्या आरसीवरचा बँकेचा बोजा कसा काढला – माझा अनुभव

सेकंडहँड गाडी घेतली, पैसे देण्याआधी आरसी नीट बघितली तर त्यावर अजून बँकेचं हायपोथिकेशन (कर्जापोटी गाडी बँकेकडे तारण असल्याची नोंद, म्हणजेच बोजा) दिसत होतं. आधीच्या मालकांचं कर्ज कधीच फिटलेलं, पण कर्ज फिटलं म्हणून आरसीवरचं बँकेचं नाव आपोआप जात नाही, आणि ते असेपर्यंत बँकेच्या संमतीशिवाय गाडी नावावर होत नाही. त्यांच्याकडे बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) होती पण तिची मुदत संपलेली, मग त्यांनाच बँकेत जाऊन नवी एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (बोजा काढायचा फॉर्म) आणायला सांगितलं, काका खरंच भले माणूस, लगेच गेले.

मग परिवहनच्या वेबसाईटवर आधी बोजा काढायचा अर्ज, नंतर फॉर्म २९ आणि ३० भरून ट्रान्सफर. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर त्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी पण लागते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इन्शुरन्स!! गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला कंपनीकडे अर्ज करायचा असतो, लोक हे हमखास विसरतात आणि मग क्लेमच्या वेळी रडारड होते. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आपल्याला मिळत नाही, त्यामुळे फरकाचे थोडे पैसे भरावे लागतात, ते भरा, टाळू नका. पीयूसीची तारीखही तेव्हाच बघून घ्या.

आता आरसी डिजिलॉकरमध्ये माझ्या नावावर दिसते, पोलिसांना तीच दाखवली तरी चालते.