भाद्रपदातला मरळ: हिडकलच्या पाण्यावर गळ टाकताना या चुका टाळा

सप्टेंबर उजाडला की मोबाईलवर अमेरिकेतल्या बास माशाचे व्हिडिओ सुरू होतात. समुद्रासारखा तलाव, चकचकीत बोट, टोपी घातलेला गडी, आणि दर दहा मिनिटांनी एक हिरवट मासा पाण्याबाहेर उसळी मारतोय. ते बघून आपल्याकडची पोरं ऑनलाइन रॉड मागवतात, रविवारी पहाटे बेळगावातून निघून घटप्रभेवरचं हिडकल धरण गाठतात आणि दुपारी ढाब्यावर चिकन खाऊन परत येतात. पहिली दोन वर्षं मीही असाच ढाब्यावरनं रिकाम्या हातानं परतलो.

बास आपल्या पाण्यात नाही. त्याच्या जवळपास जाणारा आपला मासा म्हणजे मरळ. दोघंही दबा धरून बसतात, दोघंही रबरी बेडकावर, म्हणजे गळ लपवलेल्या बेडकाच्या आकाराच्या आमिषावर, तुटून पडतात. साम्य एवढंच. बाकी सगळं वेगळं आहे, आणि आपल्या बहुतेक चुका त्या व्हिडिओतला सप्टेंबर आपल्या भाद्रपदावर चिकटवल्यामुळे होतात.

त्यांचा गारवा, आपली ऑक्टोबर हीट

तिकडच्या खोल तलावात उन्हाळाभर वर गरम आणि तळाशी थंड असे पाण्याचे थर बसलेले असतात. रात्री गार व्हायला लागल्या की वरचं पाणी थंड होऊन जड होतं, खाली उतरतं, आणि हळूहळू सगळा तलाव ढवळून निघतो. शॅड नावाच्या लहान माशांचे थवे तलावाला मिळणाऱ्या ओढ्यांमध्ये आत आत सरकतात आणि बास त्यांच्या मागे लागतो. म्हणून तो टोपीवाला उघड्या पाण्यात लांब लांब फेकत भराभर रीळ फिरवतो. पळत्या भक्ष्यामागे धावणाऱ्या माशासाठी ते बरोबरच आहे.

हिडकलचं गणित निराळं. चंदगडच्या डोंगरातला पाऊस घटप्रभा आणि ताम्रपर्णी घेऊन येतात. चांगल्या पावसाच्या वर्षी भाद्रपदापर्यंत जलाशय २१७५ फुटांच्या पूर्ण पातळीला टेकलेला असतो, म्हणजे जवळपास ५१ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. पाणी नुसतं वाढत नाही, ते पसरतं. मे महिन्यात जिथं गाळपेर (पाणी ओसरल्यावर गाळात केलेली पेरणी) होती, बैलं चरत होती, बेशरमीची झुडपं वाळून उभी होती, तिथं आता गुडघाभर पाणी असतं. गवत कुजतं, किडे होतात, किड्यांवर चिलापीची (टिलापिया माशाची) पिल्लं येतात, पिल्लांवर मरळ. आणि पाऊस सरला की गारवा येत नाही, ऑक्टोबर हीट येते. कडेचं उथळ पाणी दुपारी कोमट लागतं.

म्हणून पहिला नियम वेळेचा. ऊन पडलं असेल तर फटफटायच्या आधी पाण्यावर पोचा आणि नऊपर्यंत खेळा, नंतर थेट साडेचारला या. मधला वेळ झोपायचा. आभाळ भरलेलं असेल तर मात्र दिवसभर हलू नका. तसे दिवस महिन्यात चार-पाचच मिळतात आणि नेमके त्याच दिवशी लोक "पाऊस येईल" म्हणून घरी बसतात.

मासा पायाखाली, गळ चंदगडात

ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की सांगताना हसू येतं. आपण काठावर येतो, अगदी पाण्याला पाय लावून उभे राहतो आणि अंगातला सगळा जोर काढून धरणाच्या मध्याकडे फेकतो. दड्डीच्या बाजूला एका म्हाताऱ्यानं माझा हा खेळ अर्धा तास बघितला. मग तंबाखू मळत म्हणाला, "पोरा, मासा तुझ्या पायात हाय. तू त्येला चंदगडात हुडकालास."

त्याच्या पायात तुटकी चप्पल होती आणि हातात बांबूची काठी. मी चार पावलं मागं सरलो. त्यानं सांगितल्याप्रमाणं काठाला समांतर, गवताच्या कडेकडेनं रबरी बेडूक आणला. तिसऱ्या फेकीला पाणी फुटलं.

या दिवसांत मरळ कमरेएवढ्या पाण्यात, बऱ्याचदा त्याहूनही उथळ जागी असतो. बुडालेला बांध, बाभळीचं खोड, गवतातली मोकळी गल्ली, ओढा जिथं धरणात शिरतो ती कोपऱ्याची जागा हे त्याचे अड्डे. काठापासून दोन-तीन मीटर लांब उभं राहा, आधी पायाजवळचा पट्टा तपासा, मगच पुढं जा. धपाधप चालू नका, पहाटे सावली पाण्यावर पाडू नका. काठावर उभे राहून फोनवर जोरात बोलणाऱ्याला सोबत नेऊ नका. तो कितीही जवळचा मित्र असू दे.

आणखी एक. मरळ पाण्यातल्या प्राणवायूवर भागवत नाही, त्याला वर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो. त्यामुळं तो स्वतःच आपला पत्ता सांगतो. 'बुडूक' असा आवाज होतो, एक गोल लाट उठते. नवशिके लगेच त्या लाटेच्या मधोमध गळ आपटतात आणि मासा पसार होतो. लाटेच्या पलीकडं सात-आठ फूट टाका आणि तिथून सावकाश त्या जागेवरनं आणा. बास असा श्वास घ्यायला येत नाही, म्हणून ही युक्ती त्या व्हिडिओत कधी दिसणार नाही.

पाणी चढतंय की उतरतंय?

काठावर पोचल्यावर गळ बांधायच्या आधी पाण्याच्या रेषेवर एक काटकी रोवा. तासाभरानं बघा. काटकी पाण्यात गेली असेल तर पाणी चढतंय, मासा नव्या गवतात आत शिरतोय, तुम्हीही आत जा. काटकी कोरडी पडली असेल तर कालव्याला किंवा नदीला पाणी सोडलंय. मग मासा उथळातून काढता पाय घेतो आणि गवत संपून जिथं पाणी एकदम खोल होतं त्या कडेला थांबतो. परवा भरपूर गावलेली जागा आज मेलेली का, याचं उत्तर दहातल्या सात वेळा या काटकीत असतं.

दुसरी गोष्ट रंगाची. बेळगावात लख्ख ऊन असतं म्हणून आपण निघतो आणि हिडकलला तांबडाभडक गढूळ लोंढा. पाऊस काल चंदगडला पडलेला असतो. मलप्रभेचंही तसंच, उगमाकडं कणकुंबीला धो धो पडला की नविलतीर्थ धरणाचं पाणी काही दिवसांत रंग बदलतं. अशा वेळी घरी परतू नका. तांबडं पाणी आणि निवळ पाणी जिथं भेटतं ती रेषा शोधा. मासा निवळ बाजूला, रेषेला लागून असतो. गढुळात काळा किंवा गडद जांभळा बेडूक वापरा, कारण मासा खालून वर बघतो आणि त्याला आभाळावर उठून दिसणारी काळी आकृतीच लागते. हिरवा-पिवळा ठिपक्यांचा सुंदर बेडूक दुकानदारानं माणसाला भुलवायला ठेवलेला असतो.

"आला, पण लागला नाही"

सगळ्यात जास्त रडगाणं याचंच. पाणी फुटतं, काळीज उडी मारतं, आपण रॉड खेचतो आणि रिकामा बेडूक कानाजवळनं मागं जातो. त्याची कारणं मी ज्या क्रमानं तपासतो ती अशी.

घाई केली का? बहुतेक वेळा हेच असतं. मरळ बेडकावर झडप घालतो तेव्हा आधी नुसता पकडतो, मग तोंडात फिरवतो. पाणी फुटल्याबरोबर खेचलं तर आपण त्याच्या दातांतून काढून घेतो. "एक विठ्ठल, दोन विठ्ठल" एवढं मनात म्हणा, दोरा ताणला जाऊन वजन हाताला कळू दे, मगच जोरात उचला. मला हे शिकायला एक पूर्ण मोसम लागला. डोळ्यांनी बघून खेचायची सवय लागली असेल तर मान दुसरीकडं वळवा आणि हातानं मासा ओळखा.

घाई नव्हती, तरी सुटला? मग दोरा ढिला होता का बघा. वारा असेल तर दोऱ्याला पोट पडतं आणि आपला झटका त्या पोटातच संपतो. रॉडचं टोक खाली, पाण्याकडं ठेवा.

तेही ठीक होतं? तर बेडूक पिळून बघा. स्वस्तातल्या काही बेडकांचं रबर इतकं कडक असतं की मासा चावला तरी गळाची टोकं बाहेर येत नाहीत. गरम पाण्यात दोन मिनिटं ठेवलं की बरंच मऊ होतं. गळाची टोकं अंगापासून अगदी किंचित, केसभर वर वाकवा. जास्त वाकवलीत तर दर फेकीला गवत ओढून आणाल.

आणि मासा एकदा आला, चुकला, तर तिथंच पुन्हा टाका. लगेच नाही, अर्धं मिनिट थांबून. मरळ रागीट आहे, परत येतो.

जिवंत बेडूक लावायचा जुना रिवाज आहे, पण तो सोडा. पावसाळ्यात दिसणारा तो मोठा पिवळा बेडूक वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, आणि रबरी बेडकानं काम भागतं.

दोरा

बारीक तंगूस (नायलॉनचा एकपदरी दोरा) रोहूला चालतो. पिठाचा गोळा, शेंगदाण्याची पेंड, बुच लावून निवांत बसायचा तो खेळ वेगळा. मरळ गळाला लागल्याबरोबर गवताच्या बुडात शिरतो आणि खोडाला दोन वेढे घेतो. तिथं विणलेला ब्रेडेड दोरा हवा, तीस ते चाळीस पौंडाचा. गाठ आवळताना थुंकीनं ओली करा, कोरडी आवळली की घासून कमजोर होते. प्रत्येक माशानंतर शेवटचा हातभर दोरा बोटांतून ओढून बघा. खरखर लागली तर तेवढा कापून टाका. माझा आजवरचा सगळ्यात मोठा मरळ या दोन मिनिटांच्या आळसानं गेला. किती मोठा होता ते सांगत नाही, सुटलेल्या माशाचं वजन दरवर्षी वाढतं.

तांबड्या पिल्लांचा गोळा दिसला तर

पाण्यावर मरळाच्या तांबूस-नारंगी पिल्लांचा गोळा बुडबुडत फिरताना दिसतो. खाली त्यांचे आईबाप राखण करत असतात आणि जवळ आलेल्या कशावरही धावतात. भादव्यातही उशिराची वीण सापडते. तिथं गळ टाकणं सोपं आहे, हमखास लागतो, आणि मला ही मासेमारी वाटत नाही. राखणदार उचलला की चिलापी तासाभरात तो गोळा फस्त करते. ती चिलापीसुद्धा बाहेरचीच, १९५२ साली भारतात आणलेली, आणि आता कुठलंही तळं तिच्याशिवाय नाही. मधूनच कुणीतरी म्हणतं, बासची पिल्लं आणून सोडली तर? जपानच्या बिवा तलावात कुणीतरी हेच केलं. तिथं २००९ साली दहा किलोंच्या वरचा, विश्वविक्रमाशी बरोबरी करणारा बास मिळाला खरा, पण त्या तलावातले मूळचे मासे बास खाऊन टाकतो म्हणून आता पकडलेला बास परत सोडायलाच बंदी आहे. हौस व्हिडिओतच राहू दे.

किरकोळ, पण महागात पडणाऱ्या

काठावरच्या शेतीपंपांच्या तारा वर बघून रॉड उचला. कार्बनच्या रॉडमधून वीज जाते. हे किरकोळ नाही खरं तर. बुडालेल्या गाळपेरीत एकट्यानं उतरू नका, वर गवत आणि खाली मांडीएवढा गाळ असतो. धरणाच्या दरवाजांच्या खालच्या बाजूला तर या महिन्यात जाऊच नका. अनंत चतुर्दशीनंतर गावतळ्यांच्या घाटावर गळ टाकलात तर मूर्तींच्या काड्या, तारा आणि हारांचे दोरेच वर येतील. राकसकोपचं पाणी बेळगाव पितं, तिकडं हौस नको. धुपदाळला पक्षी अभयारण्य आहे, तिथंही नको. हिडकल असो वा नविलतीर्थ, मासेमारीचा हक्क कुणाकडं आहे, परवाना लागतो का, हे मत्स्य खात्यात आणि गावात विचारून घ्या. कोळ्यांच्या जाळ्याच्या बुचांवर गळ अडकवलात तर दोरा तुमचा कापा, जाळं त्यांचं नाही.

खाणाऱ्यांसाठी वेळापत्रक आणखी बिकट. श्रावण पाळला, गणपती पाळले, पुढं नवरात्र पाळायचं. मोकळे उरतात ते मधले पितृपक्षाचे पंधरा दिवस, आणि तेव्हा म्हाळाच्या जेवणाला चुलते बोलावतात. आमच्या घरी मासा आला की आई पहिल्यांदा कालनिर्णय बघते.

तलाव उन्हाळ्यात न बघणं

भाद्रपदात चूक कळते, पण ती केलेली असते मे महिन्यात. हिडकलचं पाणी खाली गेलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर उघडं पडतं आणि लोक दर्शनाला जातात. मीही जातो. पाया पडून झालं की कोरड्या तळातून दोन तास चालतो आणि फोटो काढतो. जुनी विहीर, ढासळलेला बांध, चिंचेचं बुंधाट, बैलगाडीची वाट जिथं ओढ्यात उतरते ती जागा. प्रत्येक फोटोत मागं काठावरचं काहीतरी न बुडणारं धरतो, एखादं झाड नाहीतर विजेचा खांब, म्हणजे पाणी भरल्यावर दिशा लागते.

गेल्या मे महिन्यातल्या एका फोटोत मी त्या चिंचेच्या बुंध्यावर बसून कलिंगड खातोय. मागं आंब्याचं झाड आणि त्याच्या डावीकडं खांब. सप्टेंबरात त्या दोघांची रेघ धरून, काठापासून पंधरा पावलांवर बेडूक टाकला. एक विठ्ठल, दोन विठ्ठल.